वित्तीय गणित आणि विमागणित: पदव्युत्तर अभ्यास कसा करावा

वित्तीय गणित आणि विमागणित ही नावे पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकात शेजारीशेजारी छापलेली असतात, आणि त्यामुळे हा एकच विषय आहे असे गृहीत धरून बरेच विद्यार्थी प्रवेश घेतात. प्रत्यक्षात दोघांची घडण वेगवेगळी आहे. एडमंड हॅली याने १६९३ साली ब्रेस्लाऊ शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मान सारणी मांडली आणि तिच्या आधारे वार्षिकीची, म्हणजे हयातीत दरवर्षी मिळणाऱ्या ठरावीक रकमेची, किंमत काढून दाखवली. १७६२ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या इक्विटेबल सोसायटीने वयानुसार हप्ता ठरवून आयुर्विम्याचा व्यवसाय सुरू केला. वित्तीय गणिताचा आरंभ सहसा लुई बाशेलिए याच्या १९०० सालच्या पॅरिसमधील प्रबंधापासून धरतात, आणि त्याला आजचे रूप आले ते १९७३ साली, फिशर ब्लॅक, मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांच्या ऑप्शनच्या, म्हणजे ठरलेल्या किमतीला खरेदी किंवा विक्री करण्याच्या हक्काच्या, किमतीवरील लेखांमुळे. अनिश्चित रकमेची आजची किंमत किती, हा प्रश्न दोन्ही शाखा विचारतात, पण उत्तर काढण्याची त्यांची रीत मुळातच निराळी आहे. ही दोन उत्तरे एकमेकांत मिसळू न देणे हेच या अभ्यासातील खरे अवघड काम आहे, असे माझे मत आहे, आणि पुढील सर्व पायऱ्या त्याच धाग्यावर मांडल्या आहेत.

पहिली पायरी: दोन किमतींमधील फरक आकड्यांत पाहणे

प्रवेश घेण्याआधीच पुढील दोन उदाहरणे कागदावर सोडवून पाहावीत. त्यांना पदवीच्या पहिल्या वर्षाच्या गणितापलीकडे काहीही लागत नाही, तरीही संपूर्ण पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा सांगाडा त्यांत आहे.

एका शेअरची आजची किंमत १०० आहे. वर्षाअखेर ती १२० तरी होईल किंवा ९० तरी होईल, आणि बिनजोखमीचा व्याजदर वर्षाला ५ टक्के आहे. वर्षाअखेर हा शेअर १०० ला विकत घेण्याचा हक्क, म्हणजे कॉल ऑप्शन, आज कितीला विकावा? ऑप्शनची अंतिम रक्कम पहिल्या स्थितीत २० आणि दुसऱ्या स्थितीत ० आहे. आता शेअरचा दोन तृतीयांश भाग विकत घ्या आणि ५७.१४ इतके कर्ज काढा. वर्षाअखेर कर्जाचे ६० होतात. शेअर वर गेला तर ८० मधून ६० वजा जाऊन २० उरतात, खाली गेला तर ६० मधून ६० जाऊन शून्य उरते. म्हणजे ऑप्शन जे देईल तेच आपण हाताने तयार केले, आणि त्याचा खर्च ६६.६७ वजा ५७.१४, म्हणजे ९.५२ आला. या हिशेबात शेअर वर जाण्याची शक्यता किती, हा प्रश्न कुठेही आला नाही. ती शक्यता ७० टक्के आहे असे मानून कोणी अपेक्षित रक्कम १४ काढली आणि तिची आजची किंमत १३.३३ ठरवून ऑप्शन घेतला, तर विकणारा ९.५२ खर्चून वरची पुनर्रचना करील आणि ३.८१ चा नफा कोणतीही जोखीम न घेता आजच खिशात टाकील. ९.५२ ही किंमत अपेक्षित मूल्याच्या रूपात लिहिता येते, पण त्यासाठी वापरावी लागणारी शक्यता १०५ मधून ९० वजा करून ३० ने भागल्यावर येणारी, म्हणजे निम्मी, असते. ही शक्यता कोणाच्याही अनुभवातून आलेली नसते. किमतींमधूनच ती निघते, आणि तिलाच जोखीम-तटस्थ संभाव्यता म्हणतात.

दुसरे उदाहरण विम्याचे. एका वर्षात मृत्यूची शक्यता १ टक्का असलेल्या १००० व्यक्तींना प्रत्येकी १,००,००० चा विमा दिला आहे आणि व्याज तूर्त बाजूला ठेवले आहे. अपेक्षित दावे १०, म्हणजे प्रत्येकी निव्वळ हप्ता १०००. पण दाव्यांच्या संख्येचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा फैलाव, ९.९ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३.१५ आहे, ९९.५ टक्के खात्रीने दावे भागवायचे असतील तर नॉर्मल वितरणाच्या अंदाजाने सुमारे १८ दाव्यांची तरतूद लागते, म्हणजे माणशी सुमारे १८१०. विमाधारक १,००,००० झाले की अपेक्षित दावे १००० आणि प्रमाण विचलन सुमारे ३१.५ होते, आणि तीच खात्री माणशी सुमारे १०८१ मध्ये मिळते. येथे कोणाच्याही मृत्यूची पुनर्रचना बाजारात करता येत नाही. किंमत उभी आहे ती प्रत्यक्ष मृत्युदरावर आणि समूहाच्या आकारावर. जाता जाता हेही तपासावे की १००० जणांच्या समूहासाठी नॉर्मल अंदाज सोडून बायनॉमियल वितरण थेट वापरले तर १८ ऐवजी १९ दावे येतात, कारण लहान शक्यतांचे वितरण उजवीकडे झुकलेले असते. विमागणितात हा शेपटीचा भाग पुन्हा पुन्हा भेटतो.

येथून पुढे अभ्यासक्रमात जेव्हा जेव्हा अपेक्षित मूल्याचे चिन्ह दिसेल, तेव्हा ते कोणत्या संभाव्यतेखाली काढले आहे हे समासात लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

दुसरी पायरी: पायाची तपासणी

प्रवेशाच्या अटींत बहुधा गणित, संख्याशास्त्र, अभियांत्रिकी किंवा अर्थशास्त्राची पदवी इतकेच लिहिलेले असते. ती अट पूर्ण होणे आणि तयारी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुचल कॅल्क्युलस, रेषीय बीजगणित आणि विकलक समीकरणे हाताशी असायलाच हवीत. त्यातही धन-निश्चित मॅट्रिक्स आणि तिचे चोलेस्की विघटन नीट समजून घ्यावे, कारण परस्परसंबंधित जोखमींचे सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर यादृच्छिक आकड्यांनी केलेली नक्कल, करताना तेच लागते. अनंत श्रेणी, समान अभिसरण आणि सीमा व संकलन यांचा क्रम कधी बदलता येतो हे विश्लेषणातील प्रश्न पदवीच्या वेळी कोरडे वाटले असतील, तरी येथे त्यांना सुट्टी नाही.

खरा अडसर असतो तो संभाव्यतेत, आणि तिथेही मुख्यतः सशर्त अपेक्षित मूल्यात. पदवी स्तरावर ते एक संख्या म्हणून शिकवले जाते. पदव्युत्तर स्तरावर ते स्वतःच एक यादृच्छिक चल असते. फासा टाकला आहे आणि आपल्याला केवळ अंक सम आला की विषम, इतकेच कळवले गेले, असे समजा. अंकाचे सशर्त अपेक्षित मूल्य सम असल्यास ४ आणि विषम असल्यास ३ आहे. म्हणजे ते आपल्याला मिळालेल्या माहितीचे फलन आहे आणि त्याची सरासरी पुन्हा मूळ ३.५ हीच येते. सिग्मा-बीजगणित नावाची जी रचना पहिल्या महिन्यात धडकी भरवते, ती म्हणजे उपलब्ध माहितीची नोंद, आणि काळाबरोबर वाढत जाणाऱ्या अशा नोंदींची साखळी म्हणजे फिल्ट्रेशन. हे उदाहरण पक्के असेल तर मार्टिंगेलची, म्हणजे पुढचे अपेक्षित मूल्य आजच्या मूल्याइतकेच असलेल्या प्रक्रियेची, व्याख्या एका वाचनात कळते. नसेल तर महिनाभर पाठांतर करूनही कळत नाही.

मापनसिद्धांत किती वाचावा, असा प्रश्न नेहमी पडतो. एकदिष्ट आणि प्रभुत्वाधीन अभिसरणाची प्रमेये, गुणाकार-माप आणि त्यावरील संकलनाचा क्रम, आणि रॅडन-निकोडिम प्रमेय इतके व्यवस्थित करावे. रॅडन-निकोडिमवर थोडा अधिक वेळ द्यावा, कारण प्रत्यक्ष संभाव्यतेवरून जोखीम-तटस्थ संभाव्यतेवर जाण्याचा पूल तोच आहे. अमापनीय संचांची रचना वगैरे भाग आवड असेल तर वाचावा, परीक्षेसाठी तो लागत नाही.

स्वतःची परीक्षा घेण्यासाठी दोन प्रश्न पुरेत. शून्य ते एक या अंतरात समान वितरण असलेल्या दोन स्वतंत्र चलांपैकी मोठ्याचे अपेक्षित मूल्य दोन तृतीयांश का येते, आणि दाव्यांची संख्या प्वासाँ वितरणाची असेल तर एकूण दाव्यांचे व्हेरियन्स हे सरासरी संख्या गुणिले दाव्याच्या वर्गाचे अपेक्षित मूल्य का असते. दोन्हींची सिद्धता पुस्तक न उघडता लिहिता आली, तर पाया ठीक आहे. दुसरी अडली, तर प्रवेशाआधीचे दोन-तीन महिने फक्त संभाव्यतेला द्यावेत आणि शेअर बाजाराविषयीचे वाचन खुशाल पुढे ढकलावे.

तिसरी पायरी: अभ्यासक्रमाची निवड

पदवीच्या नावावरून काहीच ठरवू नये. विषयांची यादी उघडावी आणि त्यातील सक्तीचे विषय मोजावेत. स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस, डेरिव्हेटिव्हजचे (ऑप्शनसारख्या, दुसऱ्या मालमत्तेच्या किमतीवर अवलंबून असलेल्या करारांचे) मूल्यमापन, संख्यात्मक पद्धती आणि व्याजदरांची प्रतिमाने सक्तीची असतील आणि आयुर्विमा ऐच्छिक असेल, तर तो वित्ताकडे झुकलेला अभ्यासक्रम आहे. आयुर्विमा गणित, सर्वसाधारण विमा, सर्व्हायव्हल विश्लेषण आणि जोखीम सिद्धांत सक्तीचे असतील तर तो विमागणिताचा आहे. दोन्हींचा खरा मेळ घालणाऱ्या अभ्यासक्रमात हमीयुक्त विमा करारांवर किंवा विमा कंपनीच्या भांडवलावर स्वतंत्र विषय असतो; तो नसेल तर दोन शाखा केवळ एका छताखाली ठेवल्या आहेत असे समजावे.

वेळेचा हिशेबही आधीच करावा. युरोपीय क्रेडिट पद्धतीत एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरतात आणि पूर्णवेळ वर्ष ६० क्रेडिटचे असते, म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास; चाळीस आठवड्यांत वाटले तर आठवड्याला सुमारे ३८ ते ४५ तास. ब्रिटनमधील एक वर्षाचे अभ्यासक्रम सहसा १८० ब्रिटिश क्रेडिटचे असतात आणि त्यात एका क्रेडिटमागे १० तास धरले जातात. नोकरी सांभाळून हे एका वर्षात होईल अशी आशा बाळगू नये. अर्धवेळ पर्याय त्यासाठीच असतो.

ॲक्चुअरी, म्हणजे विमागणिताचा व्यावसायिक तज्ज्ञ, व्हायचे असेल तर पदवी आणि व्यावसायिक परीक्षा यांतील नाते समजून घ्यावे. ॲक्चुअरी ही पात्रता विद्यापीठ देत नाही. ब्रिटनमधील इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ ॲक्चुअरीज किंवा अमेरिकेतील सोसायटी ऑफ ॲक्चुअरीज यांसारख्या संस्थांच्या परीक्षा त्यासाठी उत्तीर्ण व्हाव्या लागतात. ब्रिटिश संस्थेच्या सुरुवातीच्या गणिती विषयांना सीएस१, सीएस२, सीएम१ आणि सीएम२ असे संकेत आहेत, तर अमेरिकी संस्थेच्या प्राथमिक परीक्षा पी आणि एफएम या नावांनी ओळखल्या जातात. काही विद्यापीठांच्या ठरावीक विषयांत ठरावीक गुण मिळाल्यास यांपैकी काही परीक्षांतून सूट मिळते. ती केवळ उत्तीर्ण होण्यावर मिळत नाही, आणि यादीत विषय असला तरी विद्यापीठ आणि परीक्षा संस्था यांच्या त्या वर्षाच्या करारात तो आहे की नाही हे वेगळे तपासावे लागते. प्रवेशाच्या पत्रव्यवहारात हा प्रश्न विषयाच्या नावानिशी, लेखी विचारावा. बँकेत, गुंतवणूक संस्थेत किंवा संशोधनात जायचे असेल तर मात्र परीक्षांतून मिळणारी सूट पाहून अभ्यासक्रम निवडणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा कपडा घेणे होय.

चौथी पायरी: पहिले सत्र

पहिल्या सत्रात सहसा संभाव्यता आणि स्टोकॅस्टिक प्रक्रिया एका बाजूला, आणि व्याजगणित व आयुर्विमा गणित दुसऱ्या बाजूला असे शिकवले जाते. वित्ताच्या बाजूला सलग काळातील प्रतिमानांकडे धावण्याआधी खंडित काळातील प्रतिमान पूर्ण पचवावे. वरचे एका टप्प्याचे उदाहरण तीन टप्प्यांपर्यंत वाढवून प्रत्येक गाठीवर ऑप्शनची किंमत आणि हेजिंगसाठी, म्हणजे ऑप्शनची जोखीम शेअर बाळगून भरून काढण्यासाठी, लागणारे शेअरचे प्रमाण हाताने काढावे. हे प्रतिमान कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाईन यांनी १९७९ साली मांडले, म्हणजे ब्लॅक-शोल्स सूत्रानंतर, पण शिकताना त्याचा क्रम आधीचा असावा. मूल्यमापनाचे मूलभूत प्रमेय, बाजाराची पूर्णता, अमेरिकी (मुदतीपूर्वी केव्हाही वापरता येणाऱ्या) ऑप्शनमधील थांबण्याची वेळ या सगळ्या कल्पना तीन टप्प्यांच्या झाडावर डोळ्यांना दिसतात.

विमागणिताच्या बाजूला चिन्हांचा पसारा मोठा आहे. वार्षिकी, विमा, मुदत, पुढे ढकललेली मुदत, वर्षाच्या आरंभी की अखेरीस, अशा प्रत्येक गोष्टीसाठी अक्षराच्या चारही कोपऱ्यांत खुणा असतात आणि विद्यार्थी त्या पाठ करण्यात आठवडे घालवतात. त्याऐवजी प्रत्येक चिन्ह भविष्यातील रकमांच्या कालरेषेत उलगडून लिहावे: कोणत्या क्षणी, कोणत्या घटनेवर, किती रक्कम, आणि ती आज आणण्यासाठी कोणता व्याजदर. महिनाभर असे केल्यावर चिन्हे आपोआप बसतात.

मृत्युदराच्या प्रतिमानांपैकी गॉम्पर्ट्झचा १८२५ सालचा नियम आधी घ्यावा. प्रौढ वयात मृत्युदर वयाबरोबर गुणोत्तराने वाढतो, असे तो सांगतो. दरवर्षी सुमारे ९ टक्के वाढ धरली तर मृत्युदर दर ८ वर्षांनी दुप्पट होतो. मेकहॅमने १८६० साली त्यात वयावर अवलंबून नसलेली, अपघातासारख्या कारणांची एक स्थिर रक्कम मिळवली. या दोन सूत्रांवर संगणकात स्वतःची आयुर्मान सारणी तयार करावी आणि पुढची सर्व उदाहरणे तिच्यावरच सोडवावीत.

त्यानंतर थिले या डॅनिश गणितज्ञाच्या १८७५ सालच्या समीकरणावर थांबावे, घाई करू नये. विमा कराराच्या राखीव निधीतील बदलाचा दर म्हणजे निधीवरचे व्याज, अधिक हप्ता, वजा मृत्युदर गुणिले विमा रक्कम आणि निधी यांतील फरक. करार संपताना निधी किती असला पाहिजे हे माहीत असते, म्हणून समीकरण शेवटापासून आरंभाकडे सोडवले जाते. पुढच्या सत्रात ब्लॅक-शोल्सचे समीकरण येईल तेव्हा तेही अखेरच्या ज्ञात रकमेपासून मागे येते असे दिसेल. दोन्ही समीकरणे एकाच प्रकारच्या गणिताची, सशर्त अपेक्षित मूल्याच्या मागे जाणाऱ्या समीकरणाची, रूपे आहेत. फरक एवढाच की एकात प्रत्यक्ष मृत्युदर आहे आणि दुसऱ्यात शेअरच्या अपेक्षित वाढीच्या जागी बिनजोखमीचा व्याजदर बसला आहे. बहुतेक ठिकाणी हे दोन विषय वेगवेगळे प्राध्यापक शिकवतात, त्यामुळे हा दुवा विद्यार्थ्यालाच जुळवावा लागतो.

पाचवी पायरी: इटो कॅल्क्युलस आणि हेजिंगचा प्रयोग

दुसऱ्या सत्रातील सर्वांत भीतीदायक विषय म्हणजे कियोशी इटो यांनी १९४० च्या दशकात उभे केलेले स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस. त्यातील जादा पद कुठून येते हे समजण्यासाठी एक साधा हिशेब करावा. गुंतवणूक एका वर्षी ५० टक्के वाढली आणि दुसऱ्या वर्षी ५० टक्के घटली, तर सरासरी बदल शून्य, पण १०० चे ७५ उरतात. चढउतार स्वतःच वाढीतून काहीतरी कापून घेतात, आणि सलग काळात हे कापणे चढउताराच्या वर्गाच्या निम्मे असते. वार्षिक चढउतार २० टक्के असेल तर लॉगरिदमच्या वाढीतून २ टक्के वजा होतात. ब्राउनियन गतीच्या, म्हणजे सलग काळातील यादृच्छिक हालचालीच्या, लहान बदलांच्या वर्गांची बेरीज शून्याकडे न जाता लोटलेल्या काळाइतकी राहते, ही गोष्ट संगणकावर एक मार्ग तयार करून, त्याचे तुकडे बारीक करत करत स्वतः मोजून पाहावी. त्यानंतर इटोचे सूत्र टेलर श्रेणीत दुसरे पद न टाकल्याचा परिणाम म्हणून वाचता येते.

गिरसानोव्हच्या प्रमेयातून घ्यायचा व्यावहारिक निष्कर्ष असा की संभाव्यता बदलली की प्रक्रियेचा कल बदलतो, चढउतार बदलत नाही. याची प्रचीती घेण्यासाठी पुढील प्रयोग प्रत्येकाने करावा. शेअरची आजची किंमत १००, ऑप्शनची ठरलेली किंमत १००, व्याजदर ५ टक्के, चढउतार २० टक्के आणि मुदत एक वर्ष धरल्यास ब्लॅक-शोल्स सूत्राने कॉलची किंमत १०.४५ येते. हा ऑप्शन विकला आहे असे मानून हजारो मार्ग तयार करावेत आणि प्रत्येक मार्गावर दर आठवड्याला हेजिंगचे प्रमाण बदलावे. अखेरच्या नफातोट्याची सरासरी शून्याजवळ आणि थोडा फैलाव असे चित्र दिसेल. फेरबदलांची संख्या चौपट केली की फैलाव साधारण निम्मा होतो. आता शेअरचा प्रत्यक्ष कल ५ वरून १२ टक्के करावा: चित्र जवळपास तेच राहते. नंतर कल पूर्ववत ठेवून प्रत्यक्ष चढउतार २० ऐवजी ३० टक्के करावा, पण हेजिंग २० टक्के धरूनच करावे: तोटा ठळकपणे आणि सातत्याने दिसू लागतो. कल चुकला तर हेजिंग सांभाळून घेते, चढउतार चुकला तर नाही, हे या एका प्रयोगातून जितके उमगते तितके सिद्धतेच्या दहा पानांतून उमगत नाही.

व्याजदरांची प्रतिमाने याच सत्रात येतात. १९७७ चे वासिचेक प्रतिमान आधी पूर्ण सोडवावे, मग १९८५ चे कॉक्स-इंगरसोल-रॉस. बाकीची नावे गरजेनुसार.

सहावी पायरी: सर्वसाधारण विमा आणि जोखीम सिद्धांत

या भागाकडे वित्ताची ओढ असलेले विद्यार्थी दुर्लक्ष करतात, आणि ते नुकसानीचे ठरते. फिलिप लुंडबर्ग यांनी १९०३ साली स्वीडनमध्ये मांडलेल्या आणि हाराल्ड क्रामेर यांनी पुढे विकसित केलेल्या प्रतिमानात कंपनीकडे सुरुवातीचे भांडवल असते, हप्ते सतत येत असतात आणि दावे प्वासाँ प्रक्रियेनुसार येतात; प्रश्न असतो तो कंपनी कधीतरी बुडण्याच्या शक्यतेचा. दावे घातांकी वितरणाचे, सरासरी १, आणि हप्त्यात २० टक्के वाढावा धरला, तर भांडवल १० असताना ही शक्यता सुमारे ०.१५७ आणि २० असताना सुमारे ०.०३० येते. हे सिम्युलेशनने पडताळून पाहावे. सिम्युलेशनचे उत्तर सहसा थोडे कमी येईल, कारण सूत्र अनंत काळासाठी आहे आणि संगणक कुठेतरी थांबतो. काळ वाढवत नेल्यास दोन्ही उत्तरे जवळ येतात. मग घातांकी दाव्यांच्या जागी तीच सरासरी असलेले पारेटो वितरण बसवावे आणि भांडवल वाढवले तरी शक्यता किती संथपणे घटते ते पाहावे. जड शेपटीचा अर्थ तिथे कळतो.

दाव्यांच्या राखीव निधीसाठी चेन-लॅडर पद्धत, म्हणजे मागील वर्षांचे दावे कसे वाढत गेले यावरून अपुऱ्या दाव्यांचा अंदाज, शिकवली जाते आणि ती स्प्रेडशीटमध्ये अर्ध्या तासात होते. पण अंदाज किती चुकू शकतो हे सांगणारा थॉमस मॅक यांचा १९९३ सालचा भाग वगळू नये, कारण चूक किती असू शकते ते न सांगता नुसता आकडा देणे हे या व्यवसायात अर्धे काम समजले जाते. ब्यूलमन यांचा १९६७ सालचा विश्वासार्हता सिद्धांत (एका गटाचा स्वतःचा अनुभव आणि सर्वांची सरासरी यांना किती वजन द्यावे हे सांगणारा) बेज पद्धतीशी ताडून वाचल्यास लवकर होतो.

सातवी पायरी: दोन्ही किमती एकाच करारात

बाजारात गुंतवलेली रक्कम वर्षाअखेर १०० पेक्षा कमी झाली तरी जिवंत विमाधारकाला किमान १०० देण्याची हमी असलेला करार घ्या. जिवंत राहण्याची शक्यता ९९ टक्के असेल, तर मोठ्या समूहासाठी माणशी ०.९९ इतके पुट ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या किमतीला विकण्याचे हक्क, लागतात. वरच्याच आकड्यांनी एका पुटची किंमत ५.५७ आहे, म्हणून हमीची किंमत सुमारे ५.५२. या एका गुणाकारात ०.९९ ही प्रत्यक्ष संभाव्यता आहे आणि ५.५७ हे जोखीम-तटस्थ अपेक्षित मूल्य आहे. मृत्यूची जोखीम समूहात विरते आणि बाजाराची जोखीम हेजिंगने जाते. बाजाराची जोखीम समूह वाढवून कमी होत नाही, कारण बाजार पडला की सर्वच विमाधारकांची हमी एकाच दिवशी लागू होते.

आणि मृत्यूची जोखीम तरी पूर्ण विरते का? व्यक्तीव्यक्तीतील योगायोग विरतो, पण सगळी पिढीच अपेक्षेपेक्षा अधिक जगू लागली तर समूह कितीही मोठा असून उपयोग नाही. ली आणि कार्टर यांचे १९९२ सालचे प्रतिमान या सामाईक कलाचाच अंदाज घेते. आरंभी ज्या इक्विटेबलचा उल्लेख केला, तिने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हमीच्या दराने वार्षिकी घेण्याचा हक्क असलेले करार विकले होते. पुढे व्याजदर उतरले, आयुर्मान वाढले, दोन्ही जोखमी एकाच दिशेने चालून आल्या, आणि न्यायालयीन निर्णय विरोधात गेल्यावर डिसेंबर २००० मध्ये तिला नवे करार घेणे बंद करावे लागले. हे प्रकरण अभ्यासाचे उदाहरण म्हणून संपूर्ण उलगडून पाहावे: हमी हा व्याजदरावरचा ऑप्शन कसा होता, त्याची किंमत विक्रीच्या वेळी का लावली गेली नसावी, आणि आयुर्मान वाढल्याने त्या ऑप्शनचे प्रमाण कसे फुगत गेले.

युरोपीय संघात १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेली सॉल्व्हन्सी टू ही नियमावलीही याच दृष्टीने वाचावी. एका वर्षाच्या काळात ९९.५ टक्के खात्रीने पुरेल इतके भांडवल ती मागते. ही खात्री प्रत्यक्ष संभाव्यतेखालची आहे, पण वर्षाअखेर देण्यांचे मूल्य काढायचे ते बाजाराशी सुसंगत, म्हणजे दुसऱ्या संभाव्यतेखाली.

आठवी पायरी: संगणक

आर, पायथन आणि स्प्रेडशीट ही तिन्ही साधने यावीत. ब्रिटिश संस्थेच्या परीक्षांत सीएस विषयांसाठी आर आणि सीएम विषयांसाठी एक्सेल लागते. कोणती भाषा चांगली या वादात वेळ घालवू नये. महत्त्वाचे आहे ते असे की प्रत्येक संगणकीय कार्यक्रम (प्रोग्रॅम) आधी ज्ञात उत्तरावर तपासावा. माँटे कार्लोने, म्हणजे यादृच्छिक मार्गांची सरासरी घेऊन, वरच्या कॉलची किंमत १०,००० मार्गांवर काढली तर प्रमाण त्रुटी सुमारे ०.१५ येते, उत्तर १०.४५ पासून ०.३-०.४ च्या आत आले तर ठीक, १२ आले तर चूक कार्यक्रमात आहे, नशिबात नाही. आणखी एक दशांश स्थान अचूक हवे असेल तर मार्ग शंभरपट, म्हणजे १० लाख लागतात. प्रत्येक उत्तराशेजारी प्रमाण त्रुटी छापावी आणि यादृच्छिक आकड्यांचे बीज नोंदवून ठेवावे, म्हणजे तेच उत्तर पुन्हा काढता येते.

नववी पायरी: परीक्षा आणि प्रबंध

परीक्षेसाठी सिद्धता पाठ करण्यापेक्षा प्रत्येक प्रमेयातील एकेक अट काढून टाकून ते कुठे मोडते याचे उदाहरण शोधावे. तोंडी परीक्षेत हाच प्रश्न येतो. जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवाव्यात, आणि विमागणिताच्या प्रश्नपत्रिकेत व्याजदर व मृत्युदराचा आधार कोणता दिला आहे हे उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहावे.

प्रबंधाचा विषय निवडताना आधी विदा (डेटा) हाती आहे का ते पाहावे. राष्ट्रीय मृत्युदरांसाठी ह्यूमन मॉर्टॅलिटी डेटाबेससारखा खुला साठा उपलब्ध आहे, म्हणून मृत्युदराच्या अंदाजावरील प्रबंध वेळेत पूर्ण होतात. कंपनीच्या दाव्यांची विदा "नंतर मिळेल" या भरवशावर घेतलेला विषय बहुधा रखडतो. आकाराने लहान प्रश्न घ्यावा. एकाच प्रकारच्या हमीची किंमत दोन व्याजदर प्रतिमानांत किती बदलते, एवढाही प्रश्न चांगला प्रबंध होऊ शकतो. विमा कंपनीच्या भांडवलाचा विषय घेतल्यास एक पेच नक्की येतो: बाहेरचे सिम्युलेशन प्रत्यक्ष संभाव्यतेखाली आणि त्याच्या प्रत्येक टोकावर आतले सिम्युलेशन जोखीम-तटस्थ संभाव्यतेखाली करावे लागते, आणि हजार बाहेरचे गुणिले हजार आतले म्हणजे १० लाख मार्ग होतात. हा खर्च कमी करण्यासाठी आतल्या मूल्याचा अंदाज न्यूनतम वर्ग पद्धतीने घेतात. तसे केल्यास काही निवडक टोकांवर पूर्ण सिम्युलेशन चालवून तुलना परिशिष्टात द्यावी, आणि बाहेरच्या व आतल्या प्रतिमानांतील प्रत्येक प्राचल (पॅरामीटर) ऐतिहासिक विदेवरून काढला आहे की त्या दिवशीच्या बाजारभावांवरून, हे एका तक्त्यात तारखेसह नोंदवावे.